उजाडायच्या आत सोडलेलं पाणी

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी म्हैसूरच्या हिनकल भागातल्या सिग्नलला गाडीत होतो. भाची रडत म्हणाली, "मामा, अम्मा गेली... झोपेतच." लिहायला लाज वाटते, पण मला आधी दुःख झालं नाही. छातीवर बसलेली एक भीती उठून गेल्यासारखं वाटलं. आता कुणी तिच्या फाटकासमोर येऊन उभं राहणार नाही, आता कुणी मला फोन करून "बहिणीला आवरा" म्हणणार नाही... मागच्या गाड्या हॉर्न वाजवत राहिल्या.

वर्तमानपत्रांनी तिच्यावर पुष्कळ लिहिलं. नगरसेविका, मग एक पराभव, मग विधान परिषद. घराबद्दल एकच ओळ होती, 'रंगारी कुटुंबात जन्म'. आमचं कुटुंब म्हैसूरला कधी आलं हे अप्पांनाही सांगता येत नसे. घरात मराठी, तीही निम्मी कन्नड. परसात रंगाच्या कढया, दोऱ्यांवर ओली लुगडी, आणि अप्पांचे हात कोपरापर्यंत निळे. अक्काच्या नखांतही रंग असायचा, म्हणून शाळेतल्या मुली तिच्या डब्यातलं खात नसत. पहिल्या निवडणुकीत एका म्हातारीने तिला दारातच अडवलं. "रंगाऱ्याची पोर तू, तुला काय कळतं गं राजकारणातलं?" अक्का म्हणाली, "अज्जी, पक्का रंग कुठला आणि एका धुण्यात जाणारा कुठला, एवढं कळतं की!" म्हातारीने तिला ताक पाजलं.

आमच्या धंद्यातली एक रीत बाहेरच्यांना ठाऊक नसते. टाकीतलं वापरलेलं पाणी उजाडायच्या आत सोडायचं. अंधारात पाण्याला रंग नसतो. अप्पा तेच करत आणि शहराबाहेर कडकोळला माझा रंगाचा कारखाना झाल्यावर मीही तेच करत आलो. खाली तळं आहे, तळ्याच्या पलीकडे विहिरी आहेत, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. परिषदेत त्या तळ्याचा प्रश्न निघाला तेव्हा सरकारकडून उत्तर मिळालं की तपासणीत पाणी स्वच्छ आढळलं. अक्का उठली. मी ते कारखान्यातल्या टीव्हीवर पाहत होतो. ती कन्नडमध्ये म्हणाली, "तपासायला तुम्ही ऊन चढल्यावर जाता. कोंबडं आरवायच्या आत जा. माझे वडील तेव्हा पाणी सोडत. माझा भाऊ आजही सोडतो." शेजारी बसलेल्या कारकुनाने माझ्याकडे न बघता टीव्हीचा आवाज कमी केला.

त्यानंतर तिच्या घरासमोर दोन मोटरसायकली येऊन थांबू लागल्या. त्यांवरची माणसं काही बोलत नसत, नुसती फाटकाकडे बघत बसत. मला बाकीच्या कारखानदारांचे फोन येऊ लागले, "बहिणीला आवरा." समाजाच्या पंगतीत तिच्या दोन्ही बाजूंची पानं रिकामी राहिली. मला नोटीस आली, पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवावं लागलं. एका संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो. ती भिजवलेले पावटे सोलत बसली होती.

"अक्का, बोलताना चुकलं म्हण. 'भाऊ' नव्हे, 'कुणीतरी एक कारखानदार' म्हणायचं होतं, असं सांग."

"चुकलं कुठे रे, पुट्टा?" पुट्टा म्हणजे छोटू. पन्नाशीतही मी तिचा पुट्टाच होतो.

"अय्यो, ती माणसं दिसत नाहीत का तुला? मला झोप नाही."

"कुणासाठी झोप नाही? माझ्यासाठी की टाकीसाठी?"

तिने ताट माझ्याकडे सरकवलं. "सोल. हात रिकामे असले की भीती जास्त वाटते. मलाही वाटते की." मग हळूच म्हणाली, "फाटकाची कडी तेवढी लावून ये." तिला भीती वाटते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. कडी लावून आलो आणि तिच्याबरोबर सोलायला बसलो.

श्रद्धांजलीच्या सभेत, पंगतीत तिच्या शेजारी न बसलेल्यांनीच तिला समाजाचं भूषण म्हटलं. जिन्यावर एका कारखानदाराने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मोठी बाई होती हो. आता एवढं बघणारं कोण राहिलंय? आम्ही सगळे पूर्वीसारखंच करणार. तुम्ही एकटे वेगळे पडू नका." तो हसत होता. त्याचा हात जड होता... सिग्नलला गेली असं वाटलेली भीती तिथेच परत आली. ती इतकी वर्षं बहिणीसाठी नव्हती, निदान सगळी तरी नव्हती, हेही तिथेच कळलं. अक्काच्या त्या संध्याकाळच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, पण ऐकायला ती नव्हती.

गेल्या आठवड्यात यंत्र बिघडलं. टाकी काठोकाठ भरली होती. पहाटे आमचा कामगार महादेव व्हॉल्व्हशी उभा राहिला. "सोडू का, सार? बाकीच्यांनी सोडलं." नाल्यातून पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. दिसत काहीच नव्हतं.

"उजाडू दे," मी म्हणालो.

आम्ही नाल्याच्या काठाशी थांबलो. हळूहळू पाणी दिसू लागलं, आधी काळं, मग जांभळं, मग डाळिंबासारखं लाल.

"व्हॉल्व्हला हात लावू नकोस. यंत्र दुरुस्त होईपर्यंत काम बंद."

"सगळ्यांचे फोन येतील, सार."

"येतील," मी म्हणालो. माझा आवाज कापत होता आणि महादेवाला तो ऐकू आला.