महकमचं मुकं वर्ष

लोकांना वाटतं, हसवणाऱ्याच्या बायकोचे दिवस मजेत जात असतील. बाजारात बाया मला हमखास विचारतात, "हुरमत आपा, तुमच्या घरी हसून हसून पोट दुखत असेल, नाही?" हो तर! दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो आमच्याच घरी नांदतो. आमचे हे सगळे विनोद चहाखान्यात सांडून यायचे आणि घरी येऊन घुम्यासारखे बसायचे. उभ्या संसारात मला पोटभर हसवलं ते यांच्या जोडीदारानं, निशाननं.

यांचं नाव महकम. उझबेकिस्तानातल्या आमच्या कोकंद शहरात अस्किया करणारे पुष्कळ असतील, पण महकम आणि निशान ही जोडी एकच. दोघांनी समोरासमोर मांडी घालून बसायचं, खरबूज म्हणा, गाढव म्हणा, सासुरवाडी म्हणा, एखादा विषय धरायचा आणि शब्दांनी एकमेकांची हजामत करायची. भोवती शेदोनशे माणसं बसलेली. निशान टोला हाणायचा तेव्हा त्याचा चेहरा असा भोळा असायचा की शिवी खाल्लेल्यालाच त्याची कीव यावी.

डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी चहाखान्यात दुपारी पुलावाची मोठी कढई चढायची, आणि हे दोघे सरत्या वर्षाचा समाचार घ्यायचे. वर्षानं काय दिलं, काय नेलं, पुढच्या वर्षाकडून काय हवंय. एका वर्षी निशान म्हणाला, "नव्या वर्षात या महकमला अल्लानं थोडी अक्कल द्यावी. फार नको, एकदम झेपायची नाही." लोक लोळले होते. हे घरी येऊनसुद्धा, कधी नव्हे ते, एकटेच खुदुखुदु हसत होते.

आणि यंदा वसंतात, नवरोजच्या सणाआधी, निशानला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. अंग गेलं ते गेलं, वर डोळा गेला असता तरी चाललं असतं, पण नेमकी वाचा! मी त्या दिवशी नमाजाला बसले आणि वर बघून भांडले, खोटं कशाला बोलू.

हे दवाखान्यात गेले ते टोला तयार ठेवूनच. आत शिरल्या शिरल्या म्हणाले, "काय रे, माझ्या टोल्याला उत्तर सुचेना म्हणून थेट दवाखाना गाठलास होय?" निशानचं तोंड वाकडं झालं, आणि तो हमसून हमसून रडायला लागला. खाट हलत होती. त्याची बायको इनोयत धावत आली. "महकम-आका, तुमच्या पाया पडते, नका हो त्यांना जुन्याची आठवण करून देऊ. काळीज फाटतं त्यांचं."

झालं. त्या दिवसापासून यांनी तोंडाला कुलूप घातलं. दर शुक्रवारी निशानकडे जायचं, दोन गरम रोट्या न्यायच्या, मयताच्या घरी बसतात तसं मान खाली घालून बसायचं, दुवा म्हणायची, चहा पिऊन परत यायचं. उन्हाळा लागेपर्यंत हे आलेले दिसले की निशान तोंड भिंतीकडे फिरवायला लागला. हे घरी येऊन म्हणायचे, "मी नकोसा झालोय गं त्याला." मी म्हणायचे, आजारी माणसाचं काय मनावर घेता. पण मलाही ते लागायचं.

लग्नात अस्कियाला बसायची आमंत्रणं यायची, हे परत पाठवायचे. एका हातानं टाळी वाजते का, एवढंच म्हणायचे.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी सकाळी बर्फ पडत होता. आम्ही दोघं खाली निखारे ठेवलेल्या मेजाशी गोधडीत पाय घालून बसलो होतो. हे संत्रं सोलत होते, खात नव्हते. मी म्हटलं, "बोला की काहीतरी. तुमचा दिवस आहे आज."

"काय बोलू? यंदा मी एकाही माणसाला हसवलं नाही, हुरमत. ज्याच्यासोबत हसवायचो त्याला तेवढं रडवलं."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी बेदाणे विकीन."

तेवढ्यात चहाखान्यातले सोबित-आका आले, यांच्या मित्रमंडळाचे म्होरके. टोपीवरचा बर्फ झटकत म्हणाले, "महकम, कढई चढलीये. आज तुला बहरोमसमोर बसायचंय. पोरगा नवा आहे, पण जिभेला धार आहे. किती दिवस गप्प राहणार? लोहार वर्षभर भट्टी पेटवत नाही तर लोक त्याला लोहार म्हणतात का?"

"दुवा कुठंय?" हे म्हणाले.

आमच्यात जुन्या जोडीदाराची दुवा घेतल्याशिवाय नव्यासमोर बसत नाहीत. त्यानं तळहात वर करून आमीन म्हणावं लागतं. म्हणून तर वर्षभर यांनी विषय टाळला. ज्याला बोलता येत नाही त्याला जाऊन सांगायचं, आता मी दुसऱ्याशी बोलतो? जीभ रेटायची कशी?

"मग जा आणि दुवा मागून ये," सोबित-आका म्हणाले. "आज नाही बसलास तर पुन्हा बसणार नाहीस. मी असले लोक पाहिलेत."

ते खरंच होतं, आणि ते यांनाही कळत होतं. यांना बोलण्यावाचून दुसरं काही येत नाही. हे उठले. मी म्हटलं मीही येते. यांच्या हातून एकट्यानं काही निभायचं नाही, हे मला चांगलं ठाऊक.

निशान खिडकीपाशी गादीवर बसला होता. पाठीला लोड, खांद्यावर गोधडी. यांना पाहिलं आणि मान भिंतीकडे. इनोयतनं दस्तरखान अंथरला, सून मुहय्योनं चहा आणला आणि ती दाराशी खाली मान घालून उभी राहिली. आमच्यात सून सासऱ्यासमोर, पाहुण्यांसमोर बोलत नाही. ती लग्न होऊन आल्यापासून तीन वर्षांत मी तिचा आवाज ऐकलेला नव्हता.

हे दर शुक्रवारची ती दुवा म्हणाले. मग बसले. एक पियाला झाला, दुसरा झाला, यांच्या तोंडून शब्द फुटेना. तोंड असं केलेलं की बघवत नव्हतं. तिसरा पियाला गार झाला आणि माझं डोकं फिरलं.

"अहो, बोला की! हे काय तोंड! आमचं गाढव बाजारात विकायला नेलं ना, तेव्हा त्यानंसुद्धा असं तोंड केलं नव्हतं! आणि विकलं पण नाही गेलं. गिऱ्हाईक म्हणालं, याच्यापेक्षा नेणारा बरा दिसतो, त्याचा भाव सांगा!"

निशानचे खांदे हलायला लागले. तोंड वाकडं झालं आणि तो मोठ्यानं रडायला लागला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. इनोयत किंचाळली, "आपा! काय केलंत हे!" मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. हे उठून उभे राहिले, जायला निघाले.

तेव्हा दाराशी मुहय्यो बोलली. एवढासा आवाज. "काका, थांबा. बाबा हसतायत."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. पोर लाल झाली होती, पण थांबली नाही. "दवाखान्यात डॉक्टर रशियनमध्ये बोलायचे, मला ती भाषा येते म्हणून मला नेलं होतं. ते म्हणाले, या आजारात कधी कधी हसू आलं की रडं बाहेर पडतं. बकरीनं आईंची ओढणी खाल्ली तेव्हाही बाबा असेच... मी आईंना सांगितलं होतं."

इनोयत मटकन खाली बसली. "मी म्हटलं, हसणारा माणूस रडेल कशाला. गप्प बस म्हटलं तिला."

हे निशानकडे बघत राहिले. निशाननं डोळे पुसले नव्हते, पण मान भिंतीकडे नव्हती. तो यांच्याकडे बघत होता, आणि मान हलवत होता. हो, हो, हो.

नवरोजपासून आजपर्यंत! बिचारा आतून हसत होता, आणि जोडीदार दर शुक्रवारी येऊन त्याच्या जिवंतपणी त्याचं मयत करून जात होता. मी त्याच्या जागी असते तर भिंतीकडे तोंड केलं नसतं, लोड फेकून मारला असता.

हे त्याच्या समोर मांडी घालून बसले. "निशान, बायको भरवते, सून चहा आणते, दिवसभर गादीवर लोळतोस, आणि स्वतःला आजारी म्हणवतोस? अरे, कोकंदच्या खानालासुद्धा एवढी चैन नव्हती!"

निशान रडला. लहान पोरासारखा, भोकाड पसरून. आणि आम्ही सगळे हसत होतो, इनोयतसुद्धा, ओढणीत तोंड खुपसून.

मग हे थांबले. सवयच ती. अस्कियात एकानं टोला हाणला की समोरच्याची बारी. तो बोलेपर्यंत पहिल्यानं पुन्हा तोंड उघडायचं नाही. हे पुढं झुकून, डोळे बारीक करून वाट बघत राहिले. निशानचे ओठ हलले. काहीतरी येत होतं, मला शपथेवर सांगता येईल, त्याच्या डोळ्यांत उत्तर तयार होतं. ओठ पुन्हा हलले. आवाज नाही.

त्यानं डावा हात उचलला आणि छातीवर ठेवला, आणि मान लववली. ज्याला उत्तर सुचत नाही तो असा हात ठेवतो. मी हरलो, तू जिंकलास, जा आता दुसऱ्यासमोर बस, हीच माझी दुवा. या माणसानं आयुष्यात कुणासमोर तो हात ठेवला नव्हता.

"काढ तो हात," हे म्हणाले. "निशान, काढ म्हणतो ना!" यांनी तो धरून ओढला. हात हलला नाही, त्या अंगात अजून जोर आहे. "मला नको तुझी दुवा. काढ रे, काढ." हे त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडायला लागले, आणि यांचं मात्र रडणंच होतं.

दुपार कलल्यावर सोबित-आका बोलवायला आले. पुलाव वाढून झाला होता, बहरोम बसून होता, माणसं खोळंबली होती. "मिळाली का दुवा?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"मी येऊ शकत नाही," हे म्हणाले. "आमचा डाव चालू आहे. बारी निशानची आहे."

सोबित-आकांनी निशानकडे पाहिलं, छातीवरच्या हाताकडे पाहिलं. "महकम, त्यानं हात ठेवलाय."

"मला दिसला नाही," हे म्हणाले, आणि पियाला भरून निशानच्या ओठाशी धरला.