खुर्ची जर्मनीतली, खुर्ची नेरुळची

“मावशी, ऊठ! आधी ऊठ त्या खुर्चीवरून!”

काकू माइकवरच ओरडल्या. आवाज असा फुटला की सारसोळ्याच्या खाडीतले बगळे उडून पार उरणला जाऊन बसले असतील. सोसायटीचं क्लबहाऊस बायकांनी भरलेलं. सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. मावशी म्हणजे मी. खुर्ची म्हणजे लाल प्लॅस्टिकची, पहिल्या रांगेतली, रिकामी होती ती.

मी तिथं कशी बसले ते सांगते.

मी बाळंतिणीची आणि बाळाची मालिश करते. राहते कोपरखैरण्यात, कामं नेरुळच्या टॉवरांत. अर्ध्या नेरुळची पोरं माझ्या पायांवर न्हाली आहेत. उरलेली अर्धी चालताना ओळखू येतात. काकूंकडे मी त्यांच्या सुनेच्या बाळंतपणापासून. पहिला आठवडा घरातल्याच ताटात जेवले. मग गप्पा मारता मारता काकूंनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, घरात भिंतीवर फोटो कोणाचा आहे तेही विचारलं. मी सगळं सांगितलं. लपवायचं काय त्यात?

दुसऱ्या दिवशी कोरं स्टीलचं ताट आलं. “खास तुझ्यासाठी आणलंय गं.”

ताटाची जागा बाल्कनीत, वॉशिंग मशीनवर. माझी जागा मशीनच्या बाजूला, खाली. माझे हात त्यांच्या नातवाच्या अंगभर फिरलेले चालत. माझं ताट त्यांच्या ताटाला लागलेलं चालत नसे. वर लाडानं मावशी. सख्ख्या मावशीला कोणी मशीनजवळ जेवायला बसवतं का, विचारायचं होतं. नाही विचारलं. पोट होतं.

मग काकूंच्या लेकीला, केतकीला, दिवस गेले. ती जर्मनीत. तिकडे मालिशवाली मिळेना, म्हणून काकूंनी लोणच्याच्या बरणीसारखं मला बांधून स्वतःबरोबर विमानात घातलं.

थंडी अशी, की कणीक मळायच्या आधी हात कढईवर शेकायला लागायचे. शांतता अशी, की शेजारच्या बिल्डिंगीत कोणी कांदा चिरला तर त्या आवाजानंच माझ्या डोळ्यांत आधी पाणी यायचं. हवा स्वच्छ. नळाचं पाणी तसंच प्यायचं. पण जय भीम म्हणायला माणूस नाही. मी खिडकीतल्या कावळ्याला म्हणायचे. तोही जर्मन निघाला, मान वळवून उडून जायचा.

तिथं लिफ्ट एकच. ज्याला वर जायचं तो जातो. जिना झाडायला कोणी येत नाही. पाळी असते. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. केतकीच्या दारावर पाटी आली तेव्हा काकू मला म्हणाल्या, “मावशी, जरा जिना झाडून घे.” तर जावईबापू म्हणाले, “नाही हं आई, पाळी आपली आहे.” आणि वाकून झाडायला लागले. काकू बाथरूममध्ये जाऊन रडल्या. पुढच्या पाळीला मात्र स्वतः झाडू घेतला आणि केतकीकडून फोटो काढून घेतला. तीन वेळा. पहिल्यात पदर नीट नव्हता.

एक दिवस खालच्या मजल्यावरची म्हातारी केक घेऊन आली, बाळ बघायला. काकू मला हळूच मराठीत म्हणाल्या, “तू आत जा.” मी निघाले. म्हातारीनं माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि सुरी हातात धरून उभी राहिली. केक कापेना. माझ्याकडे बघते, खुर्चीकडे बघते. काकूंचा चेहरा जिन्यातल्या पुसलेल्या लादीसारखा झाला. मग हसून म्हणाल्या, “बस ना मावशी, बस.”

त्या दिवसापासून परत निघेपर्यंत मी टेबलावर जेवले. त्यांच्याच पांढऱ्या प्लेटींत. कोणाला काही झालं नाही. पोरगं गुटगुटीत झालं.

परत आलो. नेरुळच्या बिल्डिंगीत वॉचमननं सर्व्हिस लिफ्ट दाखवली, कामवाल्यांची. बाल्कनीत मशीनवर ताट तिथंच, धूळ खात. मी उचललं. विसळलं. खाली बसले. इतकी दमले होते की रागही वर आला नाही. माणसं तीच, मी तीच, भूकही तीच. मधे फक्त एक विमान गेलं होतं.

तर क्लबहाऊस. महिला मंडळाचा कार्यक्रम. काकूंचं भाषण, विषय तिथलं जीवन आणि इथलं जीवन. पडद्यावर झाडूवाला फोटो. मला मुद्दाम बोलावलेलं, भिंतीशी उभं केलेलं. काकू रंगात आल्या. “तिथे कामाला कमीपणा नाही! आमची ही मावशी आमच्यासोबत टेबलावर जेवायची, विचारा तिला! आम्ही भेदभाव मानतच नाही.”

टाळ्या. काकूंना.

सकाळपासून तीन घरी मालिश झाली होती. पायांत गोळे आले होते. समोर खुर्ची रिकामी. मी बसले. क्रांती वगैरे काही नाही. नुसते पाय.

तेव्हा ती आरोळी.

मी अर्धी उठलेही. सवय. गुडघे वाकलेले, हात खुर्चीच्या दांड्यावर. तेवढ्यात मला ती म्हातारी दिसली, सुरी हातात, केक न कापता उभी. ती अनोळखी बाई माझ्यासाठी थांबली होती. मी स्वतःसाठी एकदाही थांबले नव्हते.

मी परत बसले.

“तिकडं बसत होते की, काकू. आत्ताच तुम्ही सांगितलं.”

पंख्याचा आवाज येईल एवढं शांत. जर्मनी झाली क्लबहाऊसची. मागून कोणी म्हणालं, “अहो, खुर्च्या मेंबर्ससाठी आहेत.” मी हलले नाही. काकूंनी घाईनं पुढचा फोटो लावला. भाषण संपेपर्यंत मी बसून होते. समोसे वाटणाऱ्या कुंदानं पहिली डिश माझ्या हातात दिली. कुंदा काकूंच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाक करते, आमच्याच गल्लीत राहते. घरी जाताना बसस्टॉपवर आम्ही खूप वेळ बोललो. दोन बस सोडल्या.

लोक विचारतात, तिकडं काय चांगलं? हवा, पाणी, रस्ते सगळं चांगलं. पण मला तो देश नको. मला ते टेबल इथं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी समोरच्या, मेंबरांच्या लिफ्टनं वर गेले. वॉचमन “ओ मावशी, ओ” करत राहिला. काकूंनी दार उघडलं. तोंड फुगलेलं.

“चारचौघांत असं करतात का गं? तिकडे टेबलावर घेतलंच होतं ना तुला?”

“तिकडं ती म्हातारी बघत होती म्हणून घेतलं. इथं बायका बघत होत्या म्हणून उठवलं.” मी बाल्कनीतून ते ताट आणून त्यांच्या हातात दिलं. “आजपासून मी टेबलावर जेवणार. तुमच्या ताटात. नाहीतर मालिश नाही.”

काकूंनी ताट उलटंसुलटं करून पाहिलं. “बरं. कुंदाला विचारते मग. तिलाही येते म्हणे मालिश.”

“विचारा. कालच बोललोय आम्ही. तीपण टेबलावरच जेवणार आहे.”