जावयाचं जॅकेट

टाकेवाली मावशी आधी पडदे शिवायची. पडदे, उशांचे अभ्रे, लहान मुलींचे फ्रॉक. सरळ काम, रेडिओ ऐकत करण्यासारखं. ते सगळं सोडून पन्नाशी उलटल्यावर तिनं तंबू, सॅक आणि जॅकेटं दुरुस्त करायला घेतली, तेव्हा तिच्या थोरल्या बहिणीनं कपाळाला हात लावला. "अगं, त्या जाड कापडाला सुई लागते की सळई? बोटांची चाळण होईल. आणि वास! आठ-आठ दिवस अंगाला पाणी न लावलेली माणसं ती!"

बहीण खोटं बोलत नव्हती. पण मावशीला कुठे तंबू शिवायची हौस आली होती? तिला माणसं हवी होती. चालणारी माणसं.

गावाच्या मागून ती लांबची वाट जाते. डोंगर चढते, जंगलात शिरते, नदी ओलांडते, आणि महिनोन्‌महिने चालत राहिलं तर कुठेतरी संपते म्हणतात. लोक ती हौसेनं चालतात. घरी गाद्या-उशा असताना दगडावर झोपतात, घरी नळ असताना ओढ्याचं पाणी फडक्यानं गाळून पितात. ज्याचं त्याचं डोकं, आपण काय बोलणार! मावशीचा एकुलता एक मुलगा त्याच वाटेला लागला होता. ओळखीच्या एका ट्रकवाल्यानं त्याला पाठीवर सॅक घेऊन रस्त्यावरून वर चढताना पाहिलं होतं. तो मुलगा कुठे आहे, आहे की नाही, याचा एवढाच एक धागा तिच्या हातात होता.

मुलगा गेला त्याला कारण ती स्वतःच होती. निदान तिला तसं वाटायचं. तिचे यजमान बसवर कंडक्टर होते. त्यांना झटका आला, अर्धं अंग गेलं, आणि वर्षभर ते अंथरुणावर होते. मुलगा दूरच्या शहरात नोकरीला. फोनवर रोज "येतो, पुढच्या आठवड्यात नक्की येतो." ते पुढचे आठवडे येत राहिले, मुलगा काही आला नाही. आला तो बाप गेल्यावर, सगळं आटोपल्यावर, हातात फळांची पिशवी घेऊन. कुणासाठी आणली होती ती फळं? मावशी दारातच उभी राहिली. त्याला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. नको नको ते बोलली. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या, इतकं बोलली. तो ऐकत उभा राहिला, पिशवी खाली ठेवली आणि निघून गेला. दोन दिवसांनी येईल झक मारत, असं तिला वाटलं होतं. राग ओसरायला तिला आठवडाही लागला नाही. पण तो आला नाही, फोन बंद झाला, नोकरीच्या जागी विचारलं तर सोडून गेला म्हणाले.

मग तिनं पुढच्या खोलीत दुकान मांडलं. खिडकीपाशी मशीन, भिंतीला खुंट्या, खुंट्यांवर लोकांच्या सॅक, कोपऱ्यात शेगडीवर कायमची किटली. दारावर पाटी लावली: चेन, पट्टे, तंबू दुरुस्त करून मिळतील. आणि एक लांब बाकडं टाकलं. खरं दुकान ते बाकडंच होतं.

चालणारा माणूस बसला की बोलतो. एरवी दिवसच्या दिवस तोंड मिटलेलं असतं ना, मग इथे नळ सुटतो. कुणाच्या टाचेला लिंबाएवढा फोड आला, कुणाचा साबण अस्वलानं पळवला, कुणाचा मोजा सुपात पडला आणि चौघांनी ते सूप तसंच संपवलं. वरून आलेले वर जाणाऱ्यांना सांगणार, खालून आलेले खाली जाणाऱ्यांना: पाणी कुठे आहे, पूल कुठला वाहून गेलाय, कुत्री कुठे अंगावर येतात. मावशी ऐकायची. काम अर्ध्या तासाचं असलं तरी "बसा, आत्ता देते" म्हणत दुपार घालवायची. टाके घालायचे, उसवायचे, पुन्हा घालायचे. मध्येच सहज विचारल्यासारखं मुलाचं नाव काढायची, फोटो दाखवायची.

फोटो नोकरीला लागतानाचा. टाय, चोपून बसवलेले केस, गुळगुळीत हनुवटी. लोक माना हलवायचे. त्यात त्यांची चूक नव्हती. एक तर वाटेवर सगळ्यांच्याच दाढ्या छातीपर्यंत येतात. शिवाय तिथे नाव-आडनाव चालत नाही. पहिल्या काही मुक्कामांतच कुणीतरी तुमचं बारसं करून मोकळं होतं आणि मग तेच नाव शेवटपर्यंत. दोन माणसं दोन महिने एका तंबूत झोपतील, पण एकमेकांचं खरं नाव विचारणार नाहीत. मावशीला हे ठाऊक होतं, तरी ती खरं नावच विचारत राहिली. दुसरं कुठलं नाव विचारणार बिचारी?

त्या गप्पांमध्ये एक माणूस फार यायचा. जावई. हे त्याचं वाटेवरचं नाव, कारण तो कुठल्याही मुक्कामाला पोचला की आधी बूड टेकायचा. चूल कोण पेटवतंय, पाणी कोण आणतंय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. वाटी पुढे करणार आणि लोकही वाढणार. "अहो, जावयाला परवा तिसऱ्यांदा वाढलं, तेव्हा म्हणतो, मीठ कमी आहे!" सगळे हसायचे. मावशी सगळ्यांत जास्त हसायची. "कुणाचा लाडोबा आहे तो!" म्हणायची. "आईनं अगदी डोक्यावर बसवलेला दिसतोय मेल्याला."

त्या बाकड्यावर रोज हजेरी लावणारे एकच, बँकवाले काका. निवृत्त झाल्यावर वाटेचे तुकडे-तुकडे चालून आलेले, आता गुडघे गेले म्हणून इथे चहा पीत नुसत्या गप्पांतून चालणारे. वाटेचा कायदा तेच नव्यांना सुनवायचे. "काहीही करा, पण वाटेवर खोटं बोलू नका. एकानं वरच्या झऱ्याला पाणी आहे म्हणून ठोकून दिलं. पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. दोघं जण त्याच्या भरवशावर रिकाम्या बाटल्या घेऊन चढले, मरता मरता वाचले. त्यानंतर त्या माणसाच्या शेजारी कुणी बसलं नाही. काडेपेटीसुद्धा दिली नाही. वाट सोडून गेला शेवटी." हे ते प्रत्येकाला ऐकवायचे, आणि ऐकणारे गंभीरपणे मान डोलवायचे.

त्या दिवशी दुपारी एक शिक्षिका आली. शाळेतून वर्षभराची रजा काढून निघालेली, उन्हानं नाक सोललेली. काकांच्या ओळखीची होती. तिनं स्वतःच्या सॅकचा तुटलेला पट्टा दिला आणि वर एक जॅकेट ठेवलं. "याची चेन गेलीय. माझं नाही हे, जावयाचं."

"अरे वा, जावईबापू आलेत!" काका खूश झाले. "मग इकडे का नाही आणलंत?"

"तो पुलापलीकडच्या निवाऱ्यात थांबलाय. गावात यायलाच तयार नाही. नेहमी बाहेरूनच वळसा घालतो म्हणे."

मावशीनं जॅकेट मांडीवर घेतलं. कापड विटलेलं, कोपरांवर चिकटपट्ट्या. ती जुनी चेन उसवायला लागली. शिक्षिका चहा घेता घेता जावयाचे किस्से सांगत होती. "पण सकाळी मजा येते हां त्याची. आपण सगळे विंचवाच्या भीतीनं बूट झटकतो ना, तसा तोही झटकतो, आणि मोठ्यानं ओरडतो, 'चला, उतरून घ्या, शेवटचा स्टॉप! झोपलेल्यांना उठवा!' रोज! आता आम्ही सगळेच ओरडतो."

मावशीचा हात थांबला.

हे तिच्या यजमानांचं होतं. बसवर आयुष्य गेलेला माणूस तो. मुलगा शाळेत असताना ते त्याचे बूट झटकायचे आणि अस्संच ओरडायचे. मुलगा खिदळायचा, विचारायचा, "बाबा, उतरलं का कुणी?" "एक म्हातारी राहिलीय," ते म्हणायचे, आणि पुन्हा झटकायचे. घराबाहेर कुणाला हे माहीत असायचं कारणच नव्हतं.

म्हणजे वर्षानुवर्षं तो इथेच होता. या बाकड्यावर, लोकांच्या तोंडात. आणि ती त्याला हसत होती. मेल्या म्हणाली होती. तिला ओरडायचं होतं, माझा आहे तो, माझा! तोंड उघडलंही होतं तिनं. तेवढ्यात शिक्षिकेचा आवाज बदलला.

"आम्ही हसतो त्याला, पण कुणी काही बोलत नाही, वाढतात सगळे. त्याची गोष्टच तशी आहे. पावसानं अडकलो होतो तेव्हा जो तो आपण का चालतो ते सांगत होता. तो म्हणाला, त्याची आई गेली. वर्षभर अंथरुणाला खिळली होती. हा नोकरी सोडून तिच्याजवळ राहिला. चमच्यानं भरवायचा, कूस बदलायचा, पाठीला पावडर लावायचा. शेवटी तिचा हात याच्या हातात होता. या गावात गेली ती, म्हणून त्याला इथे पाऊल टाकवत नाही. काय सांगू तुम्हाला, सगळे रडलो आम्ही."

चमचा, कूस, पावडर. ते सगळं मावशीनं केलं होतं, त्याच्या बापाचं. रोज रात्री फोनवर त्याला सांगितलंही होतं, तो निदान ऐकून तरी येईल म्हणून. त्यानं ऐकलं होतं तर. शब्द न्‌ शब्द ऐकला होता.

काकांनी चष्मा पुसला. "आईविना पोरगं, बसला एका जागी तर बसू दे. मावशी, तुम्ही जपा हो त्याला. म्हणतातच ना, माय मरो पण मावशी उरो."

मावशीला राग आला. खरं सांगायचं तर असा राग तिला त्या दारातल्या दिवशीही आला नव्हता. जिवंत बाईला मारून लोकांकडून सूप उकळतोस होय रे? एक शब्द पुरे होता. फोटो तर तिथेच मशीनच्या खणात होता. पण तो शब्द काढला की काय होईल, तेही तिला समोर दिसत होतं. संध्याकाळपर्यंत निवाऱ्यात कळेल, आठवड्याभरात अख्ख्या वाटेला. मग कोण वाढणार त्याला? कोण शेजारी बसू देणार? घरातून तर तिनं हाकललाच होता, आता वाटेवरूनही हाकलायचा? आणि मग तो जाणार कुठे?

तिनं नवी चेन लावली. दुहेरी टाके घातले, कोपरांवरच्या चिकटपट्ट्या काढून जाड कापडाची ठिगळं लावली. एकदाही उसवलं नाही. मग पायात चपला सरकवल्या. "चला, मी येते पुलापर्यंत. चेन नीट बसली का, अंगावर घालून बघायला लागतं," ती म्हणाली. खोटंच होतं ते, पण काकांनाही काही वावगं वाटलं नाही, ते काठी घेऊन मागे निघाले.

निवारा म्हणजे चार खांब आणि पत्रा. पाच-सहा जण बसलेले, आणि मधोमध तो. दाढी, टक्कल पडत चाललेलं, गुडघे केवढे वर आलेले. किती वाळला होता! तिच्या हातचं खाऊन वाढलेलं पोर, कुणाच्या तरी भांड्यातून पाव बुडवून खात होतं.

"जावई, हे घे!" शिक्षिकेनं हाक मारली. "आणि बघ कोण आलंय. टाकेवाली मावशी, हिनंच शिवलं."

त्यानं वर बघितलं. पाव हातातच राहिला. ओळखलं त्यानं, लगेच ओळखलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला आणि त्यानं आधी तिच्याकडे नाही, आजूबाजूच्या माणसांकडे बघितलं. लहानपणी काही फोडलं की अस्संच बघायचा, कुणी पाहिलं का म्हणून. मग डोळे तिच्याकडे आले. भीती होती त्यांत, विनवणी होती, आणि आणखी काहीतरी होतं, पण ते काय हे बघायला ती थांबू शकली नाही. तिलाच रडू फुटलं असतं.

"अरे, आभार तरी मान की!" कुणीतरी म्हणालं.

तो उठला. जॅकेट घेतलं, ठिगळांवरून अंगठा फिरवला. "फार उपकार झाले," तो म्हणाला. खाकरला. "फार उपकार झाले, मावशी."

तिनं पुढे होऊन जॅकेट त्याच्या खांद्यावर चढवलं, चेन खालपासून गळ्यापर्यंत ओढून दाखवली. "हिसडा मारत जाऊ नकोस," ती म्हणाली. "हळू ओढली की टिकते." तिनं हात काढून घेतला आणि पुलाकडे वळली.

काका मागून काठी टेकत आले. पुलाच्या मध्यावर त्यांनी तिला गाठलं. "काय मग, कसा वाटला आमचा जावई?"

"चांगला आहे," मावशी म्हणाली. ती नदीकडे बघत होती, मागे नाही. "सांभाळून घ्या हो त्याला सगळे. आई नाहीये त्याला."