आजचं फूल, कालचं फूल

मधुमालती लावायची असेल तर शाडूत लावू नका. मी लावली होती, अक्कल पाजळून. नवी सून होते, रोह्याला माहेरी गेले होते, तिथल्या वेलाच्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या तीन काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून गाडीने हमरापूरला आणल्या. सासरी मूर्तींचा कारखाना. म्हटलं, गणपतीच्या मातीपेक्षा चांगली माती कुठली? महिनाभरात दोन काड्या कुजल्या.

सासूबाईंनी कुंडीत बोट खुपसून बघितलं. "ही माती पाणी सोडत नाय गो. बुडवून मारलंस त्यांना."

तिसरी काडी त्यांनी स्वतः लावली. लाल माती, जुनं शेणखत, दोन मुठी भाताचं तूस, दोन पेरं मातीत आणि दोन वर. जागा कारखान्याच्या दाराशी, कारण या वेलाला ऊन लागतं. पत्र्यापर्यंत तार बांधली. दरवर्षी माघात त्या वेल निर्दयपणे छाटायच्या आणि मी हळहळायचे. पण फुलं नव्या फुटीवर येतात, हे मला उशिराच कळलं.

सासूबाईंचं खरं काम आखणीचं, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखायचं. आमच्या कारखान्यातल्या प्रत्येक गणपतीला नजर त्यांनी दिलेली. दोन वर्षांमागे त्यांचा ब्रश मूर्तीच्या फार जवळ जायला लागला. एका मूर्तीचं बुबुळ जरासं घसरलं. मी गुपचूप पुसून नीट केलं. डॉक्टरचं नाव काढलं की त्या म्हणायच्या, "मला सगळा दिसतंय." सासूला तोंडावर सांगायचं कसं, की आता तुमच्या हातून डोळे होत नाहीत? माझी छाती होईना.

मधुमालतीचं फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग लाल. एकदा दिवेलागणीला मी एक ताजं आणि एक आदल्या दिवशीचं फूल त्यांच्या तळहातावर ठेवलं. "आई, आजचं कुठलं?" त्यांनी बरोबर सांगितलं. पुढचे तीन दिवस रोज बरोबर. मला इतकं हायसं वाटलं की रात्री भाताला मीठ घालायचं विसरले.

चौथ्या दिवशी लक्षात आलं. बाई आधी हात नाकाशी नेत होत्या! ताज्या फुलाला वास जास्त.

मीही काही कमी नाही. पाचव्या दिवशी फुलं ताटलीत ठेवली आणि ताटली हातभर लांब धरली. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दोन्ही सारखीच हायत गो." आणि पदराने डोळे पुसले. मला फार वाईट वाटलं. असली परीक्षा घेणारी मी कोण?

त्यानंतर मात्र त्या डॉक्टरकडे यायला तयार झाल्या. मोतीबिंदू होता. पेणला ऑपरेशन झालं ते नेमकं रंगकामाच्या ऐन घाईत. डॉक्टरांनी महिनाभर ब्रश धरू नका म्हणून बजावलं होतं, म्हणून तेवढे दिवस आखणी माझ्याकडे आली. मी केली. सगळे म्हणाले, छान जमलंय. आमचे हेसुद्धा म्हणाले, आणि ते सहसा काही म्हणत नाहीत.

महिना भरला त्या सकाळी सासूबाई काळा चष्मा काढून दारात आल्या. वेलाकडे बघून म्हणाल्या, "एवढा लाल असतो व्हय हा?" मग आत शिरल्या आणि मी रेखलेल्या मूर्तींच्या रांगेपुढून एकेक पाऊल टाकत गेल्या. मी हातात ब्रश घेऊन त्यांच्या मागोमाग.

तिसऱ्या मूर्तीपाशी थांबल्या. "उजवा डोळा वर गेलाय." पाचवीपाशी, "ह्याचाही."

सुनेला इतका आनंद व्हायला नको खरं तर. मी डोळे पुसत ब्रश धुतला आणि त्यांच्या हातात दिला.