दत्ताच्या घरी चकल्या का होत नाहीत

त्या दिवाळीत आमची पोस्ट तेरा हजार फुटांवर होती. पोस्टवर आम्ही अकरा जण. पोस्ट कमांडर मी, हवालदार जगताप, राहणार बिबवेवाडी. सकाळी साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे बंदुका घेऊन मोर्चात सज्ज उभं राहायचं, सातला चहा, आठला खाली कंपनी हेडक्वार्टरला वायरलेसवर रिपोर्ट. बाकीचा दिवस बर्फ उपसण्यात जायचा. पिक्चरमध्ये दाखवतात तसलं काही नसतं तिथे.

वसुबारसेला खालून गस्तीची तुकडी वर आली ती घरची पार्सलं घेऊनच. लान्स नायक दत्ता माझ्याच हाताखालचा, पुण्याजवळच्या मांजरी गावचा, वय चोवीस. त्याच्या आईने मांजरपाटात शिवलेला डबा पाठवला होता. पोस्टवर रीत अशी, की सगळ्यांचे डबे एकाच ब्लँकेटवर रिकामे करायचे. 'हे माझं' म्हणायचं नाही. कोल्हापूरच्या एका गड्याचा लाडू काही केल्या फुटेना, तर सगळे त्याला ग्रेनेड म्हणायला लागले. दत्ताच्या आईच्या चकल्या मात्र, अहो, काय सांगू! भाजणी घरची, मोहन बेताचं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि आत अकरा जण कुडुमकुडुम खातायत. दत्ताने एकट्याने सात उडवल्या. "पुढच्या वर्षी डबल पाठव म्हणून आईला लिहितो," म्हणाला.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी ०९२० ला सेटवर कंपनी कमांडर आले. खाली मोठे साहेब भेटीला येणार होते. त्यांच्याबरोबर वरच्या पोस्टच्या जवानांचा फोटो हवा होता.

"चार जण खाली पाठव. बारापर्यंत. ओव्हर."

"साहेब, नाल्यात ताजं बर्फ आहे. उद्या पाठवतो. ओव्हर."

"उद्या मोठे साहेब नसतील. आज. आउट."

ऑर्डर म्हणजे ऑर्डर. चौघांची नावं मी काढली. दत्ताचं पहिलं, कारण तो फोटोत उठून दिसेल असं मला वाटलं. खरंच सांगतो, दुसरं काही कारण नव्हतं.

१०४० ला नाल्याच्या वरच्या अंगाने बर्फ सुटलं. दोरावर दत्ता शेवटी होता. बाकीचे तिघं बर्फातून जिवंत बाहेर निघाले. दत्ताला आम्ही आधी फावड्यांनी शोधलं, मग हातांनी. १३१५ ला सापडला. मोठे साहेब हवामान खराब म्हणून आलेच नाहीत.

पार्थिव घेऊन घरी जायला मला नेमलं. निघण्याआधी कंपनी कमांडरांनी बोलावून घेतलं. "जगताप, फोटोचं काही बोलू नकोस. आईने पाठवलेला फराळ आणायला स्वतःहून खाली उतरला, असं सांग. तिला बरं वाटेल." मी "जी साहेब" म्हणालो. खोटं कशाला बोलू, तेव्हा मलाही ते पटलं होतं. चुलीपुढे बसून मुलासाठी तळण काढणाऱ्या बाईला हे ऐकून काय वाटेल, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. डोंबलाची अक्कल!

मांजरीला त्यांच्या अंगणात, सगळ्या भावकीसमोर, मी तेच बोललो. दत्ताच्या आईला मी मावशी म्हणतो. मावशी रडल्या नाहीत. "म्हंजी माझ्या चकल्यांपायी गेला," एवढंच म्हणाल्या. तिथेच तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

त्यानंतर बारा वर्षं त्या घरात दिवाळीला तळण झालं नाही. चकली नाही, करंजी नाही, साधा चिवडा नाही. दत्ताची बहीण सुनंदा दर भाऊबीजेला माहेरी येते आणि दत्ताच्या जागी मला ओवाळते. माझी बायको मांजरीसाठी फराळाचा डबा भरून देते. मावशी तो उघडतसुद्धा नाहीत, शेजारी देऊन टाकतात. हे दर वर्षी डोळ्यांनी बघायचं आणि बिबवेवाडीला परत येऊन स्वतः चकल्या खायच्या. बारा वर्षं मी हेच केलं.

यंदा दिवाळीच्या आठवडाभर आधी शनिवार पेठेत एका मंडळाने वीरमातांचा सत्कार ठेवला. प्रमुख पाहुणे आमचेच ते कंपनी कमांडर, आता रिटायर. माइक हातात आल्यावर त्यांनी दत्ताची गोष्ट काढली. "आईच्या हातच्या चकलीसाठी हा वाघ बर्फात उतरला! काय चव असेल बघा त्या हाताला!" हॉलभर टाळ्या. मावशी स्टेजवर अंगावर शाल घेऊन बसल्या होत्या. मान खाली, हात पदराखाली लपवलेले.

माझं डोकंच फिरलं. मावशीला बरं वाटावं म्हणून नव्हे, स्वतःची ऑर्डर झाकायला या माणसाने माझ्या तोंडून ते वदवून घेतलं होतं. आणि मी मूर्खासारखा इतकी वर्षं त्याची ड्यूटी करत बसलो. कार्यक्रम संपल्यावर त्यांना जिन्यात गाठलं.

"साहेब, फराळ तर तीन दिवस आधीच वर आला होता."

"जाऊ दे रे जगताप. लोकांना आवडतं."

भाऊबीजेला मांजरीला गेलो. सुनंदाने पाट मांडला होता. मी बसलो नाही.

"मावशी, मी तुमच्याशी खोटं बोललो. दत्ता फराळ आणायला उतरला नव्हता. फोटो काढायला खाली बोलावलं होतं. नाव मी दिलं. तुमचा डबा तीन दिवस आधीच पोचला होता."

सुनंदा तबक घेऊन उभी होती. "दादा, बारा वर्षं ओवाळलं तुला," एवढं म्हणाली आणि तबक घेऊन आत गेली. परत बाहेर आली नाही.

मावशींनी विचारलं, "पोचला व्हता डबा?"

"हो."

"त्यानं खाल्ल्या?"

"सात खाल्ल्या."

"मऊ पडल्या व्हत्या का रं?"

"नाही मावशी. कुरकुरीत होत्या. सगळ्या पोस्टने खाल्ल्या."

तेव्हा त्या रडल्या. माझ्यासमोर पहिल्यांदाच. पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तो साहेब परका हाय. त्याला काय बोलू? तू माझ्या दत्ताच्या पाटावर बसत व्हतास. जा आता. परत येऊ नगंस."

मी चपला घातल्या आणि निघालो. त्यांचं काही चुकलं नाही.

लान्स नायक दत्ता, वय चोवीस. फोटोसाठी बोलावला म्हणून गेला. आईच्या चकल्यांपायी गेला नाही. शनिवार पेठेत त्या दिवशी ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांनी एवढं लक्षात ठेवावं.