दोरी धरणाऱ्याने कुठे बघायचं

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाला नदीत कोलांट्या मारायची हौस का असावी, हे विचारू नये. हौसेला मोल नसतं. मशीनवाल्या काकांना ती चाळिशीनंतर लागली, तेव्हा सगळी गल्ली हसली. काकू तेवढ्या हसल्या नाहीत. दर रविवारी त्या बुडणाऱ्याला फेकायच्या दोरीची थैली घेऊन काठावर उभ्या राहिल्या, सलग तीन वर्षं.

पुलाखाली पाणी खडकावरून आपटून उलटं वळायचं. त्या जागेला सगळे हौद म्हणत. तिथे कयाकचं, म्हणजे एकट्याने बसायच्या त्या चिंचोळ्या होडीचं, नाक खाली दाबायचं, पाणी होडीला उभं वर फेकतं, त्याच क्षणी पायांनी जोर लावून अंग पुढे गुंडाळायचं, की होडीसकट हवेत कोलांटी. सांगायला सोपं. काकांचं डोकं मात्र दर वेळी पाण्यातच.

सुरुवातीला काकू कौतुकाने त्यांच्याकडेच बघायच्या. एकदा काका उलटले, होडीतून निसटले, दोरी उशिरा आली आणि गुडघा फुटला. सगळ्यांदेखत ते कडाडले, "माझं तोंड काय बघतेस? हौदात बुडालेला माणूस पुढे प्रवाहात त्या काळ्या दगडापाशी वर येतो. नजर तिथेच ठेवायची. मी इकडे काही का करेना."

नियम बरोबर होता, बोलणं बरोबर नव्हतं. काकूंनी तो शब्द खाली पडू दिला नाही.

आणि एका रविवारी जमलं. होडी उडाली, आभाळ पायाखालून गेलं, आणि काका पाण्यावर ताठ बसलेले. काठावर काकूंशिवाय चिटपाखरू नव्हतं.

"पाहिलंस?"

काकू दगडाकडे बघत होत्या. "तुम्हीच सांगितलं होतं ना," त्या म्हणाल्या. मग हळूच, "पुन्हा करा की. आता बघते."

काकांनी त्या दिवशी अकरा वेळा प्रयत्न केला. अकराव्या वेळी खांदा निखळला आणि डॉक्टरांनी वल्हं कायमचं बंद केलं. काकू मात्र येईल त्याला सांगायच्या, "यांनी मारली हो कोलांटी, मी तिथेच होते." पाहिली, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. काकूंना जाऊन आता चार वर्षं झाली. काकांना कोलांटी गेल्याचं दुःख नाही. 'माझं तोंड काय बघतेस' या एका वाक्याचं आहे.

हल्ली ते काठावरून शिकवतात. टपाल वाटणारी एक बाई येते, जिद्दीची. गेल्या रविवारी तिचा नवरा दोरीची थैली घेऊन उभा होता, भांबावलेला.

"काका, मी बघायचं कुठे?"

काकांनी त्याच्या हातातली थैली काढून घेतली. "तू तिच्याकडे बघ. दोरी मी धरतो."

ते काळ्या दगडाकडे तोंड करून उभे राहिले. बऱ्याच वेळाने मागून धापा टाकत तिचा आवाज आला, "पाहिलंस?"

"पाहिलं," नवरा म्हणाला.

ती काठाला लागेपर्यंत काकांनी मान वळवली नाही.