महानंदा मॅडम आणि बांगड्याचं पोट

उदगीरच्या एका शाळेत महानंदा मॅडम बावीस वर्षं भूगोल शिकवत होत्या. समुद्रप्रवाह हा त्यांचा हातखंडा धडा. उष्ण प्रवाह लाल खडूनं, थंड प्रवाह निळ्यानं. बाण असे झोकदार काढायच्या की शेजारच्या वर्गातले सर डोकावून जात. समुद्र मात्र त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. घर लिंगायताचं, त्यामुळं मासाही पुस्तकातलाच.

"थंड पाणी वर येतं तिथं मासे का जमतात?" असं कुणी विचारलं की त्या ठोकून द्यायच्या, "त्यांना तिथं करमतं." पुस्तकात 'प्लवक' असा शब्द होता. तो त्यांना स्वतःलाच उमगला नव्हता, म्हणून त्या सांगत, "महत्त्वाचा आहे, अधोरेखित करा."

यंदा वर्गातल्या इकरानं हे उत्तर घरी सांगितलं, आणि पालकसभेत तिची आई मलिका उठली. तिचं बाजारात मासळीचं दुकान.

"मॅडम, राग धरू नका. मासा काय मामाच्या गावाला जातो का, करमायला? पोटासाठी फिरतो तो. दुकानावर या, दाखवते."

सगळी सभा हसली. मॅडमही हसल्या, पण कान तापले. घरी आरशासमोर उभं राहून त्या स्वतःलाच म्हणाल्या, "बाई, बावीस वर्षं शिकवलंस का थापा मारल्यास?"

दुसऱ्या दिवशी, नात्यातलं कुणी बघत तर नाही ना याची चारदा खात्री करून, नाकाला पदर लावून त्या दुकानी गेल्या. मलिकानं बर्फातला बांगडा काढला, पोट चिरलं. आत हिरवट चिखल.

"हे काय, भाभी?"

"ह्याचं जेवण. पाण्यात तरंगणारे बारीक जीव, डोळ्याला दिसत न्हाईत. कारवारचा आडत्या सांगतो, पावसाळ्यात वारं वरचं पाणी किनाऱ्यापासून लोटतं, मग तळाचं गार पाणी वर येतं. सोबत तळाला साचलेलं खत. वर ऊन मिळालं की ह्यांचं पीक येतं, अन् मासा लई माजतो."

मॅडमचा पदर कधी खाली आला, त्यांना कळलंच नाही. "अगं, ही तर नांगरट झाली! खालचा कस वर! म्हणजे प्लवक म्हणतात ते हेच?"

"नाव मला न्हाई ठावं. मी तर धुऊन फेकून देते."

सोमवारी मॅडमनी वर्गात पारदर्शक टब मांडला. तळाशी निळ्या शाईचं बर्फगार पाणी, वर कोमट. "पोरांनो, मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. तुमच्या थोरल्या भावंडांनाही," असं म्हणून त्यांनी टेबलफॅन लावला, तो जोशात थेट तीन नंबरवर. एका कडेनं निळी रेघ खरंच वर चढली, पोरं ओरडली. पाठोपाठ निम्मा टब मॅडमच्या अंगावर.

मुख्याध्यापक शंकरप्पा सर धावत आले. "काय झालं?"

"अरबी समुद्र सांडला, सर," निळी साडी पिळत मॅडम म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मलिकालाच वर्गात बोलावलं. ती फळ्याकडे जायला लाजली, खुर्चीतच बसून बोलली. पोरांनी प्रश्नांनी तिला भंडावलं. मॅडम शेवटच्या बाकावर वही उघडून बसल्या आणि तास संपेपर्यंत लिहून घेत राहिल्या.